लघुशंकेचे समाधान

आपल्या भाषेने लघवीला ‘लघुशंका’ असे सोज्ज्वळ नाव दिले आहे खरे. पण ही शंका कोणापाशी बोलून दाखवायला माणूस काही तयार नसतो. आजोबा रात्रीतून चार वेळा उठतात, विचारले तर म्हणतात, “वयच झालं आता.” सूनबाईंना जळजळ होते, त्या धन्याचे पाणी पितात आणि गप्प राहतात. असे महिने जातात. मग एके दिवशी डॉक्टर चिठ्ठी लिहितात : ‘सोनोग्राफी, के. यू. बी.’ म्हणजे मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या आणि मूत्राशय यांची तपासणी.

चिठ्ठी आली की घरात पहिला प्रश्न निघतो तो उपवासाचा. पण इथे मुख्य तयारी पोट रिकामे ठेवण्याची नसून मूत्राशय भरण्याची असते. सुमारे तासभर आधी तीन-चार पेले पाणी प्यायचे आणि तपासणी होईपर्यंत लघवीला जायचे नाही. याला कारण आहे. सेकंदाला २०,००० कंपनांपलीकडचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. या यंत्राच्या ध्वनिलहरी तर सेकंदाला काही दशलक्ष कंपनांच्या. त्या पाण्यातून सुखाने जातात आणि हवा आडवी आली की माघारी फिरतात. रिकामे मूत्राशय आकसून बसते. भरले की ते आतडी बाजूला सारते, त्याची भिंत ताणली जाते आणि आतला खडा किंवा गाठ दिसू शकते. पोटावर तो गार, बुळबुळीत लेप लावतात, तोही मधली हवा घालवण्यासाठीच. सगळ्या पोटाची तपासणी असेल तर काही तास उपाशीही राहावे लागते. ते आधी विचारून घ्यावे.

मात्र पाण्याचाही अतिरेक नको. मूत्राशय फार तुंबले, तर त्यापायी मूत्रपिंडेही किंचित फुगलेली दिसू शकतात. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून पेला उचलू नये.

आता खरी परीक्षा. नंबर लांबतो, कळ असह्य होते, आणि आपला सभ्य गृहस्थ पायावर पाय आवळून भिंतीवरचे घड्याळ पाहत बसतो! अहो, खिडकीवरच्या बाईंना सांगा की! त्यांना हे रोजचेच आहे.

पुष्कळदा लघवी करून आल्यावर पुन्हा एकदा पाहतात, ते मागे किती उरली हे मोजायला. प्रोस्टेटची गाठ वाढलेल्या आजोबांचे गुपित तिथे उघडे पडते. पण यंत्राला सगळेच दिसते असे नाही. जळजळ यंत्राला कळत नाही. एकदाच गेलेले रक्तही कळत नाही. ते तोंडानेच सांगावे लागते, आणि रक्त एकदा दिसले तरी सांगावेच.

तीन पेले पाणी कोणीही पिऊ शकतो. चार शब्द बोलणे मात्र जड जाते. भाऊबीजेला आलेल्या मामांना फराळाचे ताट पुढे करताना हळूच विचारून पाहा, “मामा, रात्री झोप लागते ना नीट?” शंका लघु आहे तोवरच विचारलेली बरी.