बंदी नको, वाट हवी!

पावसाळा आला की दूधसागरच्या प्रश्नाला पूर येतो आणि पावसाळा सरला की तो प्रश्नही ओढ्यासारखा आटून जातो. आषाढात तरुणांच्या झुंडी कॅसलरॉकच्या आणि कुळ्याच्या फलाटांवर उतरतात, रेल्वेचे शिपाई त्यांना अडवितात, वृत्तपत्रांत दोन दिवस गहजब होतो, आणि आश्विन उजाडेपर्यंत अडविणारेही विसरतात व अडविले गेलेलेही विसरतात. हे रहाटगाडगे आता थांबले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम न्यायाची गोष्ट बोलू. कॅसलरॉकपासून दूधसागरपर्यंत रुळांच्या कडेने चालत जाण्याची सुमारे १४ किलोमीटरची जी वाट पदभ्रमण करणाऱ्यांत लोकप्रिय झाली, ती वस्तुतः वाटच नव्हे. तो लोहमार्ग आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून जन्मलेला आणि १८८८ साली मुरगावचे बंदर ब्रिटिश मुलखाशी जोडणारा हा मार्ग सह्याद्रीची भिंत फोडून काढलेला आहे. त्याचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र. कोळशाने भरलेली मालगाडी वर चढविताना तिला मागूनही इंजिने लावावी लागतात. बोगद्यांत अंधार, बाहेर धुके, एका अंगाला कडा व दुसऱ्या अंगाला दरी, आणि धबधब्याच्या घोषात मागून येणाऱ्या गाडीची शिटी बुडून गेलेली! अशा ठिकाणी शेकडो माणसे रुळांवरून चालू लागली, तर रेल्वेने स्वस्थ बसावे काय? रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमान्वये हा अपराध आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्हीही त्यास सांगितलेले आहेत. हे कलम येथे लागू करणे हा जुलूम आहे, असे कोणाही शहाण्या माणसास म्हणता येणार नाही.

परंतु कायदा हाती असणे निराळे आणि कारभार करणे निराळे. जुलै २०२३ मध्ये गोव्यातील धबधब्यांत माणसे बुडाली तेव्हा वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास सरसकट बंदी घातली. त्याच महिन्यात दूधसागरला निघालेल्या शेकडो पर्यटकांना अडविण्यात आले आणि त्यांतील काहींना उठाबशा काढावयास लावल्याच्या चित्रफिती देशभर पसरल्या. आम्ही विचारतो, ही शिक्षा कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमात लिहिली आहे? अपराध घडला असेल तर खटला भरा, दंड वसूल करा, पावती द्या. प्रौढ नागरिकाला शाळकरी पोराप्रमाणे कान धरावयास लावणे हे शासन नव्हे. ती मग्रुरी होय. ज्या राज्ययंत्रणेला नागरिकाचा मान राखता येत नाही, तिच्या नियमाचा मान नागरिकाने राखावा ही अपेक्षा फोल ठरते.

खरा प्रश्न याच्याही पलीकडचा आहे. लोक रुळांवरून का जातात? कारण दुसरी भरवशाची वाट त्यांना ठाऊक नाही. हिवाळ्यात व उन्हाळ्यात कुळ्याहून जीपगाड्या जंगलातून धबधब्यापर्यंत जातात. त्यांवर कुळ्यातील कितीतरी चुली पेटतात. पावसाळ्यात वाटेवरील नदीनाल्यांना उतार राहत नाही आणि जीपगाड्या बंद होतात. नेमका याच वेळी दूधसागर सुमारे ३१० मीटरांवरून आपल्या पूर्ण वैभवानिशी कोसळत असतो! वनखात्याच्या परवानगीने पायी जाण्याची सोय कधीच होत नाही असे नाही. पण कधी ती खुली, कधी बंद. फलक दिसतो तो बंदीचा. वाटेचा दिसत नाही.

येथे निसर्गप्रेमी आक्षेप घेतील की, माणसांचा हा लोंढा अरण्यात शिरला तर अरण्य उरेल काय? आक्षेप वजनदार आहे. भगवान महावीर अभयारण्य सुमारे २४० चौरस किलोमीटरचे आहे. या डोंगरांतून उतरणारे पाणी खांडेपार नदीने ओपाला पोचते आणि तेथून फोंडा व पणजीच्या घरांत जाते. दूधसागरच्या पायथ्याशी टाकलेली प्लॅस्टिकची बाटली म्हणजे राजधानीच्या घागरीत टाकलेला कचरा होय. याच घाटातील रेल्वेच्या दुहेरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली संमती सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, ती या अरण्याचे मोल जाणूनच. पण म्हणूनच आम्ही म्हणतो, वाट आखा! आखलेल्या वाटेवरील शंभर माणसे मोजता येतात, तपासता येतात, परत आली की नाही हे पाहता येते. चोरवाटेने गेलेल्या दहांचा हिशेब कोणाजवळच नसतो.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जीव वाहून गेले आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यात ठिकठिकाणी मनाईहुकूम निघाले. प्रथम दुर्लक्ष, मग दुर्घटना, मग मनाई, मग पुन्हा दुर्लक्ष, असा हा सरकारी क्रम सर्वत्र सारखाच आहे. उलट, जानेवारी २०२४ मध्ये कुमारपर्वतावर अतोनात गर्दी उसळल्यावर कर्नाटक सरकारने आगाऊ नोंदणी नसलेल्या वाटा बंद केल्या आणि नोंदणीची व्यवस्था उभारून त्या टप्प्याटप्प्याने खुल्या केल्या. चांगली गोष्ट कोणत्याही दरबारातून येवो, ती घ्यावयास कमीपणा कसला?

आमच्या मागण्या चारच आहेत. कुळ्याहून जाणाऱ्या जंगलवाटेवर पक्के साकव बांधावेत. रोजची संख्या ठरवून आगाऊ नोंदणी घ्यावी आणि अतिवृष्टीच्या दिवशी ती वाट निःसंकोच बंद ठेवावी. प्रत्येक तुकडीबरोबर कुळे-मोले परिसरातील वाटाड्या सक्तीचा करावा. पावसाळ्यात जीपवाल्याचा बुडणारा रोजगार त्यातून भरून निघेल. आणि रेल्वेने पावसाळ्याच्या सुट्यांच्या दिवशी एक गाडी दूधसागरपाशी अधिकृतपणे थांबवून, कठड्याआडून धबधबा पाहण्याची सोय करावी. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी हे वैभव पाहू नये, असे कोणी ठरविले आहे?

तरुणांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. १९५५ च्या सत्याग्रहात कॅसलरॉकच्या बाजूनेही सत्याग्रही गोव्यात उतरले. त्यांनी कायदा मोडला तो एका परकीय सत्तेचा, आणि मोडताना त्याचे मोल देण्याची तयारी ठेवून. केवळ एका छायाचित्रासाठी रुळांवर उभे राहणे आणि त्यास साहस म्हणणे ही त्या शब्दाची विटंबना आहे. डोंगर धाडसी माणसावर प्रसन्न होतो, बेफिकीर माणसावर नव्हे.

सरकारने वाट द्यावी आणि चालणाऱ्याने शिस्त द्यावी, एवढाच हा सौदा आहे. पुढील आषाढापूर्वी साकवांचे काम सुरू झाले, तर बंदीचे फलक आपोआप अनावश्यक ठरतील. न झाले, तर पुढील दुर्घटनेचा जाब आम्ही केवळ बुडणाऱ्याला नव्हे, बंदी घालून झोपी गेलेल्यांनाही विचारू.