वाऱ्याचा इशारा येतो, धुळीचाही यायला हवा



हंगाम चालू असला की आपण मोबाईलवर दोन गोष्टी बघतो. एक, हवामान खात्याचा वाऱ्याचा इशारा. दुसरी, हैदराबादच्या इन्कॉईसची मासळी कुठे मिळेल ती माहिती. धूळ कोणी बघत नाही. समुद्रात कसली आलीय धूळ, असं म्हणून हसणारेही आहेत.

जानेवारी 2022 मध्ये कराचीकडे उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्रावरून 23 तारखेला गुजरात आणि मुंबईवर आलं. मुंबईत गाड्यांवर पांढुरकी भुकटी बसली, लांबच्या इमारती दिसेनात. मार्च 2012 मध्ये अरबस्तानाकडून असाच लोंढा आला होता. उपग्रहाच्या चित्रात निळ्या पाण्यावर मातकट पट्टा सरळ दिसत होता. कराची ते मुंबई सुमारे 900 किलोमीटर. म्हणजे ही धूळ वाटेत असतानाच दिसते. पावसाळी गडगडाटासारखी ती डोक्यावर येऊन उभी राहत नाही.

गोव्यापर्यंत येता येता ती विरळ होते, हे मान्य. पण बारा मैलांच्या बाहेर, उत्तरेकडे गेलेल्या बोटीचं काय? शिवाय धूळ आणणारा वायव्येचा वारा तर आपल्याकडेही पोचतो. पहाटेच्या अंधारात हवा धुरकट झाली की ट्रॉलरच्या तांडेलाला समोरची फायबर होडी दिसत नाही. त्या होडीवर रडार नसतं, कित्येकदा धड दिवाही नसतो. डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी यांचा हिशेब आम्हालाही कळतो, एक खेप चुकली तर किती जातात ते माहीत आहे. पण एक दिवस आधी समजलं तर निदान कुठल्या बाजूला जायचं ते ठरवता येतं.

बघायचं कसं, तर नासाचं वर्ल्डव्ह्यू फुकट आहे, दिवसाची चित्रं काही तासांत येतात. ढग पांढरे, धूळ मातकट, धूर करडा-निळसर. आपण निघतो रात्री, तेव्हा ही चित्रं अपुरी पडतात. त्यासाठी युरोपचा मेटिओसॅट आहे, हिंदी महासागरावरून दर 15 मिनिटांनी चित्र देतो. त्याच्या धुळीच्या खास चित्रात धूळ गुलाबी दिसते, रात्रीसुद्धा.

उपग्रह मात्र वरून बघतो. धूळ उंचावर आहे की पाण्याला टेकलीय, हे नुसत्या चित्रावरून नेमकं सांगता येत नाही. ढगाखालचंही दिसत नाही. म्हणून उत्तरेकडच्या बंदरांत एक फोन करावाच. आणि ज्या दिवशी धूळ असते त्या दिवशी उपग्रहाला पाण्याचा रंगही नीट वाचता येत नाही. मासळीची माहिती त्या रंगावरून आणि पाण्याच्या तापमानावरून बनते, तेव्हा अशा दिवशी तिच्यावर डोळे मिटून डिझेल जाळू नये.

आता आमचं मुख्य म्हणणं. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले, नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती, ते सगळ्यांना आठवत असेल. अशा आगींच्या जागा उपग्रहावरून शोधून भारतीय वन सर्वेक्षण मोबाईलवर संदेश पाठवतं. नाव नोंदवलं की कोणालाही मिळतो. जंगलासाठी हे जमतं, तर समुद्रासाठी का जमू नये? मच्छिमारांच्या इशाऱ्यात सगळा भर वाऱ्याच्या वेगावर. त्यातच एक ओळ हवी: धूळ कुठे आहे, कुठे सरकतेय, किती अंतरावरचं दिसेल. तीही मराठी-कोंकणीत, इंग्रजीत नको.

असं पत्र मत्स्य खात्याला आणि हवामान खात्याला पाठवावं, हा ठराव आम्ही पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. तोपर्यंत ज्यांची मुलं मोबाईलवर हुशार आहेत त्यांनी एक-दोघांना संस्थेच्या ऑफिसात पाठवा, चित्रं कशी उघडायची ते दाखवू. ठरावाला विरोध असेल त्यांनी सभेत बोलावं, जेटीवर नको.