बुटक्या गव्हाच्या आधी

🧵 १/ हरितक्रांतीचा इतिहास आपण बुटक्या मेक्सिकन गव्हापासून सांगू लागतो. माझ्या मते हा आरंभच चुकीचा आहे. मेक्सिको गव्हात स्वयंपूर्ण झाला १९५६ साली. तिथले पहिले बुटके वाण आले १९६२ मध्ये. खत-पाण्याचा वाटा होताच. पण मधल्या काळात पीक जगले ते तांबेऱ्याला न बधणाऱ्या वाणांमुळे.

२/ १९१६. उत्तर अमेरिकेत वसंतात पेरलेल्या गव्हावर खोडाचा तांबेरा पडला. ‘मार्क्विस’ हे तेव्हाचे लाडके वाण. पावाला उत्तम, या बुरशीपुढे मात्र निराधार. अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे ३० कोटी बुशेल, म्हणजे ८० लाख टन गहू गेला.

३/ त्याच वर्षी साउथ डकोटातील एडगर मॅकफॅडन या विद्यार्थ्याने मार्क्विसचा संकर ‘यारोस्लाव’ एमरशी केला. एमर म्हणजे आपल्या खपलीचीच प्रजाती. शेजारचा गहू तांबेऱ्याने करपत असताना हे भरड धान्य तगून राहते, हे त्यांनी पाहिले होते. एमरची गुणसूत्रे २८, मार्क्विसची ४२. अशा संकराची रोपे बहुधा वांझ निघतात. (या संख्या तेव्हा शास्त्रज्ञांनाही निश्चित ठाऊक नव्हत्या!) तरी निवड करत करत सुमारे दहा वर्षांनी त्यांनी वाण सिद्ध केले. नाव ‘होप’, म्हणजे आशा.

४/ होप स्वतः शेतात फारसे रुळले नाही. त्याचे मोल संततीत दिसले: मिनेसोटात ‘न्यूथॅच’, आणि न्यूथॅचपासून मेक्सिकोत बोरलॉग यांचे ‘याकी ४८’.

५/ प्रतिकारशक्ती कायमची नसते, हेही खरे. १९५० नंतर तांबेऱ्याच्या ‘१५बी’ या जातीने अनेक भरवशाची वाणे आडवी केली. होपमधून आलेले ‘एसआर२’ हे जनुक मात्र टिकले. ते रोग पूर्ण रोखत नाही, वाढत्या रोपात त्याची गती मंदावते. १९९९ मध्ये युगांडातून ‘यूजी९९’ची वार्ता आल्यावरही पैदासकारांना त्याचा आधार घ्यावा लागला.

६/ बोरलॉग यांना १९७० चे नोबेल मिळाले, ते रास्तच. मॅकफॅडन यांचे नाव मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधून पाहा. आणि हेही: तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी मिनेसोटातील शास्त्रज्ञांनी जो १२ गव्हांचा संच ठरवला, त्यातील एकाचे नाव जसेच्या तसे ‘खपली’ आहे.