रंगपटातील हिशेब

चैत्र शुद्ध त्रयोदशी जवळ आली की पाठशाळेच्या मुलांच्या नाटिकांच्या तालमी सुरू होतात. जालना शहर असो की अंबड-परतूर, वस्त्रे घरोघरच्या कपाटांतून निघतात, मुकुट पुठ्ठ्याचे होतात. खर्च अडतो तो रंगभूषेपाशी. वीस मुलांचे चेहरे, हाती मोजके पैसे, आणि बाजारात एकाच 'फाउंडेशन' या नावाखाली दहापट अंतराच्या किमती. मग गोरेपणाचे आश्वासन देणारी एखादी स्वस्त नळी आणली जाते आणि चंदनबाला रंगमंचावर येते ती पिठाच्या डब्यात तोंड घातल्यासारखी.

वस्तुतः चंदनबाला म्हणजे दासी म्हणून विकली गेलेली राजकन्या. मस्तक मुंडलेले, पायांत बेड्या, पोटात अन्न नाही, हाती सुपात उडदाचे बाकुळे. तिला गुलाबी गाल कोणत्या आधारे मिळतात, हे कळत नाही. सावळ्या मुलीला रंगपटात ऐकू येणारे "हिला जरा जास्त लावा" हे वाक्य तर नाटिका संपल्यावरही तिच्या मनातून जात नाही.

बेसचे काम वर्ण पालटण्याचे नाही. प्रखर प्रकाशात चेहरा फिका आणि सपाट दिसतो. त्वचेचा रंग एकसारखा करून डोळे व ओठ दुरून वाचता यावेत, एवढ्यासाठी तो असतो. म्हणून छटा त्वचेच्या रंगाचीच, किंवा अर्धी पायरी गडद व किंचित पिवळसर घ्यावी. फिकी छटा सावळ्या त्वचेवर राखट दिसते आणि मान वेगळीच उघडी पडते. छटेची परीक्षा मनगटावर न करता जबड्याच्या कडेला, दिवसाच्या उजेडात करावी. नंतर मुलाला मंचावर उभे करून शेवटच्या रांगेतून पाहावे.

जालन्याच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे, ते मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर गंधर्व नाटक मंडळीतले गायक नट आणि संगीतकार. संगीत नाटकांच्या त्या जुन्या काळी रंग रंगपटातच कालवला जाई: सफेदा, मुर्दाडशिंग, पिवडी, हिंगूळ. यांतले मुर्दाडशिंग शिशाचे, हिंगूळ पाऱ्याचा, आणि सफेदाही पुष्कळदा शिशाचाच. युरोपातील नटांचीही हीच दशा होती. लुडविग लाइशनर या ऑपेरा गायकाने १८७३ साली बर्लिनमध्ये शिसेविरहित रंगकांड्यांचा कारखाना काढला, तो याच विषाला कंटाळून. तरीही "रंगाच्या दुकानातला सुटा सफेदा आणा, काम भागते" असा सल्ला देणारे काका अजून भेटतात. मुलांच्या त्वचेवर तो कदापि लावू नये. आपल्याकडील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी रंगासाठी शिसे व आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास मनाई केली आहे. वेष्टनावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटक नसतील तर वस्तू कितीही स्वस्त असो, परत ठेवावी.

घटक वाचताना आपल्या घरांत आणखी एक गोष्ट पाहिली जाते. 'कार्माइन' किंवा 'सीआय ७५४७०' म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग. 'लॅनोलिन' मेंढीच्या लोकरीतले, 'बीजवॅक्स' मधमाश्यांचे मेण. लाल रंगासाठी लोहाच्या ऑक्साइडचा पर्याय सहज मिळतो.

आता पैशांचे. भाव नळीचा न पाहता चेहऱ्यामागचा पाहावा. रंगभूमीसाठीची २५ ग्रॅमची कांडी महाग वाटते. पण तिच्यात रंगद्रव्य दाट असते, थोडीच पुरते. प्रत्येक मुलासाठी वेगळी छटा घेण्याचे कारण नाही. एक गव्हाळ, एक गडद तपकिरी आणि एक पिवळसर अशा तीन कांड्या स्टीलच्या ताटलीत मिसळल्या की बहुतेक चेहरे निघतात. समूहातल्या लहानग्यांना तर बेस नकोच. काजळ आणि थोडी पावडर त्यांना पुरे. पाण्याने लावायचा केक कांडीपेक्षा लवकर लागतो, पण चैत्रातल्या जालन्यात, त्यातही मांडवात प्रयोग असेल तर, घामाने ओघळतो. तिथे कांडीचा पातळ थर देऊन वर पावडर दाबून बसवावी. पावडर अगदी पांढरी घेतली तर फ्लॅशच्या छायाचित्रात चेहरे भुतासारखे उमटतात, आणि पुढे तेच छायाचित्र वर्षभर भिंतीवर राहते.

बचत स्पंजात मात्र करू नये. एकच स्पंज वीस चेहऱ्यांवर फिरला की एकाचे पुरळ सर्वांचे होते. ताटलीतला रंग स्वच्छ चमच्याने काढावा आणि प्रत्येकाला वेगळा स्पंजाचा तुकडा द्यावा. एक मोठा स्पंज कात्रीने कापला तरी चालतो. प्रयोगाच्या दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून दुसऱ्या दिवशी पाहावे. खाज वा लाली दिसली तर त्या मुलाला बेसविनाच उभे करावे.

प्रयोगानंतर साबणाने घासत बसू नये. खोबरेल तेल चोळून मऊ सुती कापडाने रंग टिपावा आणि मग तोंड धुवावे. जुन्या धोतराचे तुकडे यासाठी उत्तम. ते आदल्या रात्रीच धुऊन, वाळवून पेटीत ठेवलेले बरे, कारण प्रयोग संपल्यावर प्रसादाच्या गर्दीत कापड कुणालाच सापडत नाही.