आता लढत पुढच्या रसायनाची

गोदामात काही महिने पडून राहिलेल्या नव्याकोऱ्या टायरच्या कडेवर तपकिरी झाक चढते. माल जुना दिला म्हणून गिऱ्हाईक कुरकुरते. प्रत्यक्षात ती झाक म्हणजे टायरला जपणारे रसायन पृष्ठभागावर आल्याची खूण असते. त्याचे नाव सिक्स-पीपीडी. हवेतला ओझोन रबराला भेगा पाडतो. हे रसायन रबरातून हळूहळू बाहेर येते आणि ओझोनचा मारा स्वतःवर घेते. जगात धावणाऱ्या जवळपास प्रत्येक टायरमध्ये ते आहे. आज त्याच्याच भवितव्यावर प्रश्नचिन्ह लागले आहे, आणि रबर रसायनांच्या जागतिक बाजाराची पुढची मांडणी त्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार आहे.

कच्चे रबर उन्हात चिकट होते, थंडीत तडकते. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी गंधक आणि उष्णतेने त्यावर मात केली, पण ती प्रक्रिया फार संथ होती. 1906 मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे जॉर्ज ओन्स्लॅगर यांना ॲनिलिनने ती झपाट्याने उरकता येते असे आढळले आणि ॲक्सिलरेटरचे, म्हणजे ही प्रक्रिया वेगाने घडवणाऱ्या रसायनांचे, युग सुरू झाले. शंभर किलो रबरामागे अशी सगळी रबर रसायने मिळून लागतात जेमतेम तीन-चार किलो. पण त्यांच्यावाचून ना विमानाचे चाक, ना हवाई चप्पल.

या बाजारावर एकेकाळी पाश्चात्त्यांची मालकी होती. मोन्सँटो आणि ॲक्झो नोबेल यांनी 1995 मध्ये आपले धंदे एकत्र करून फ्लेक्सिस उभारली. ती पुढे सोल्युशियाकडे, 2012 मध्ये ईस्टमनकडे आणि 2021 मध्ये एका गुंतवणूक कंपनीकडे गेली. दरम्यान चीनच्या शांडोंग प्रांतातील सनसाइन आणि सरकारी सिनोकेमच्या छत्राखालील सेनिक्स यांसारख्या कंपन्यांनी अफाट क्षमता उभारली. आज जगातील निम्म्याहून बरीच अधिक क्षमता एकट्या चीनमध्ये आहे. तिथे 2017-18 मध्ये प्रदूषणाविरोधात कारवाई झाली तेव्हा जगभर भाव चढले. आता तिथे माल तुंबला की इथले भाव कोसळतात.

भारतात या क्षेत्रातले सर्वांत मोठे नाव ‘नोसिल’चे. नवी मुंबईतील ठाणे-बेलापूर पट्टा आणि गुजरातमधील दहेज येथे तिचे कारखाने आहेत. चिनी मालावरचे डम्पिंगविरोधी शुल्क 2019 मध्ये संपले आणि तेव्हापासून या उद्योगाची ओरड थांबलेली नाही. ती रास्त आहे. माल खर्चाखाली विकला जातो हे सिद्ध झाले, तर सरकारने शुल्क लावताना कचरू नये. मात्र शुल्काने संरक्षण मिळते ते कालच्या मालाला.

आणि कच्च्या मालाचे काय? ॲनिलिन आणि नायट्रोबेन्झिन या रसायनांच्या मुळाशी आहेत. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना नेमके हेच बनवत होता. 2017 मध्ये केंद्राने तो बंद करण्याचा निर्णय घेतला. रॉकेटसाठी लागणारे रसायन बनवणारा एक विभाग तेवढा ‘इस्रो’साठी राखला गेला. तोट्यातला कारखाना पोसावा असे कोणी म्हणणार नाही. पण त्याबरोबर अनेक दशकांत साठलेले कौशल्यही विखुरले, ही हानी मोठी आहे.

आता सिक्स-पीपीडीकडे. अमेरिकेतील सिॲटल परिसरातील ओढ्यांमध्ये कोहो सामन मासे अंडी घालायला येत आणि पाऊस पडला की पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकत, गरगरत, काही तासांत मरत. ओढे स्वच्छ केले तरी हे थांबेना. अखेर डिसेंबर 2020 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात कारण प्रसिद्ध झाले. टायरच्या झिजेतून सुटलेल्या सिक्स-पीपीडीचा ओझोनशी संयोग होऊन बनणारे क्विनोन त्यांना मारत होते. युरोक, पुयालप आणि पोर्ट गॅम्बल स्क्लालम या तीन आदिवासी समाजांनी अमेरिकी पर्यावरण संस्थेकडे बंदीची मागणी केली. ती नोव्हेंबर 2023 मध्ये दाखल करून घेतली गेली. कॅलिफोर्नियाने तर त्याआधीच, ऑक्टोबर 2023 पासून, टायर कंपन्यांना पर्याय शोधणे बंधनकारक केले आहे.

अमेरिका ही भारतीय टायरची सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ आहे. नाशिक, वाळूज, चाकणपासून गोव्यातील उसगावपर्यंत टायरचे कारखाने पसरलेले आहेत. उद्या अमेरिकेत सिक्स-पीपीडीविना टायर मागितला गेला, तर ते नवे रसायन कोणाच्या पेटंटखाली असेल? पर्याय सोपा नाही. तो ओझोन रोखणारा हवा, रबर गंधकाने पक्के करताना गडबड न करणारा हवा, आणि माशांना मारणारा नको. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रबर उद्योगाची संशोधन संस्था आहे, वर्सोव्याला मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे. एवढी सामग्री एका पट्ट्यात दुसरीकडे क्वचितच सापडेल. केंद्राने या तिघांना उद्योगासोबत एका कामाला जुंपून त्यासाठी पैसा द्यावा.

अमेरिकेचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. कोहो मरतो त्याच ओढ्यात चम सामन तगतो. पण हिमाचल आणि काश्मीरमध्ये पाळला जाणारा रेनबो ट्राउट या विषाला बळी पडतो, हे प्रयोगांत दिसले आहे. रोहू, कटला आणि खाडीतल्या बोयटांची चाचणी आपणच करायला हवी. ठाणे-बेलापूर रस्त्याचे पाणी नाल्यांतून ठाणे खाडीत उतरते आणि ती खाडी 2022 पासून रामसर स्थळ आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ पाण्याचे नमुने नियमित घेतेच. येत्या जूनमधल्या पहिल्या सरींच्या नमुन्यांत या क्विनोनचाही शोध घ्यायला त्याला नव्या कायद्याची गरज नाही.