गहाण सोने आणि मराठी कागद

पेरणी तोंडावर आली की आमच्या खेड्यांतून बायकांचे गळे ओके होतात. बियाण्याखतासाठी डोरले, पाटल्या सोनेतारणास जातात. यात लाज कसली? सोने हीच गरिबाची पत. परंतु आपला अंगठा कोणत्या मजकुराखाली उठतो, हे किती शेतकरी बंधू विचारतात? १८७५ साली सुप्यास शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्या रोख्यांत काय लिहिले आहे, हे अंगठा देणारास पुष्कळदा ठाऊक नसे.

रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांप्रमाणे कर्जाच्या अटी प्रांताच्या किंवा ऋणकोने निवडलेल्या भाषेत कळवावयाच्या. निरक्षरास त्या समजावून सांगताना पेढीचा नोकर नसलेला साक्षीदार हवा. कर्ज फिटल्यावर सात कामाच्या दिवसांत सोने परत न केल्यास, दोष पेढीचा असेल तर, दररोज ५,००० रुपये भरपाई आहे. हे कोणी गावात सांगितले काय?

व्याज निषिद्ध मानणाऱ्या आमच्या मुसलमान बंधूंची अडचण निराळी. मलेशियात तेरेंगानू प्रांतात १९९२ साली ‘अर-रहनु’ पद्धतीची गहाणपेढी निघाली. तीत कर्ज बिनव्याजी. सोने सांभाळण्याची मजुरी तेवढी घेतात. ही मजुरी बहुधा कर्जावर नव्हे, तर सोन्याच्या किमतीवर आकारतात. म्हणून थोडके कर्ज घेणारासही ती पुरी भरावी लागते. नाव पवित्र असले तरी हिशेब विचारावाच.

मायबहिणींनो, पेढीवर जाताना शिकलेली लेक बरोबर न्या, आणि वजन व कस लिहिलेला दाखला हाती पडेपर्यंत तेथून हलू नका.