वाटीभर दुधाची दया

मांजर आणि दूध ही जोडी आपल्या भाषेने इतकी घट्ट बांधून ठेवली आहे की तिच्याविषयी शंका घेणे आम्हांला कधी सुचलेच नाही. डोळे मिटून दूध पिणारे मांजर, शिंके तुटण्याची वाट पाहणारा बोका हे सारे शाळेच्या पुस्तकांतून आमच्या मनात येऊन बसलेले. त्यामुळे पावसाळ्यात जिन्याखाली भिजलेले, मुठीएवढे पिल्लू सापडले तेव्हा आम्ही सर्वांत आधी त्याच्यापुढे गाईच्या दुधाची वाटी सरकवली. पिल्लू अधाशीपणे प्यायले. आपण फार मोठे पुण्य केले असे आम्हांला वाटले.

रात्री जुलाब सुरू झाले, दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या. ‘पिल्लूच ते, होईल बरे’ असे म्हणून आम्ही आणखी एक दिवस घालवला. पशुवैद्यांकडे पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. चौथ्या दिवशी पिल्लू गेले.

पशुवैद्यांचे निदान पॅनल्यूकोपेनियाचे होते. हा विषाणू आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांवर घाला घालतो. रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते. रोग दुधाने झाला नव्हता. पण गाईच्या दुधातील शर्करा मांजराच्या पिल्लाला पुरती पचत नाही, तिनेही जुलाब होतात. आधीच पाणी गमावणाऱ्या जिवाला आम्ही आणखी रिते केले, आणि ‘दूध बाधले असेल’ या समजुतीत रोगाकडे दुर्लक्षही केले.

आमचे म्हणणे एवढेच, की भूतदया हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. त्याला माहितीची जोड नसेल तर ती दया दयाळू माणसाच्या समाधानापुरतीच उरते. अंग गरम लागले म्हणून घरातली पॅरासिटॅमॉल देणारे भले लोक आहेत. त्या औषधाची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यासाठीचे पर्मेथ्रिनयुक्त पिसवांचे औषध मांजराला विषासमान आहे. शाकाहारी घरांत मांजराला निव्वळ दहीभातावर वाढवण्याचा अभिमान बाळगला जातो. पण टॉरिन हे द्रव्य मांजराला आहारातूनच, म्हणजे मुख्यतः मांसमासळीतून, मिळवावे लागते. त्याच्या अभावी दृष्टी जाते, हृदयाचा स्नायू दुबळा होतो. हृदयाशी असलेला हा संबंध संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिला.

यावर कोणी म्हणेल, रस्त्यावरच्या मांजरांना कोण लस टोचते? जगतातच की ती! जगतात ती आपल्याला दिसतात, इतकेच. झुडपाआड मेलेल्या पिल्लांची मोजदाद कोणी ठेवत नाही.

गंमत अशी, की भाषेने दुधाबाबत आम्हांला चकवले, तरी एक खरी गोष्टही सांगून ठेवली होती. मांजरी आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. आकडा सोडून द्या; पण ती एकेक पिल्लू उचलून जागा बदलते, हे खरेच. म्हणजे एकटे दिसलेले प्रत्येक पिल्लू पोरके नसते. धोका नसेल तर दुरून काही तास वाट पाहावी. आम्ही ती पाहिली नाही. त्याची आई परत आली असती की नाही, हे आता कळायचे नाही.

हा विषाणू घरात वर्षभरही तग धरू शकतो, म्हणून तेवढा काळ आम्ही नवे पिल्लू आणणार नाही. पुढे आणू ते लस टोचलेले. लसीची सुरुवात सहा ते आठ आठवड्यांच्या वयात होते आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत ती तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचावी लागते. आणि पुन्हा कधी भिजलेले पिल्लू दाराशी आलेच, तर आधी कोरडे फडके आणि ऊब, मग पशुवैद्य. गारठलेल्या पिल्लाला ऊब येण्याआधी काही भरवायचे नसते. वाटीची घाई आपल्याला असते, त्याला नसते.